‘नाही’ म्हणायचे कोणी? बासष्टच्या पराभवाची तीन आत्मकथने

१९६२च्या पराभवाची लष्करी चौकशी झाली होती. लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रुक्स आणि ब्रिगेडियर प्रेम भगत यांनी १९६३ साली आपला अहवाल दिला. तत्कालीन संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण यांनी २ सप्टेंबर १९६३ रोजी संसदेत निवेदन करून त्याचा गोषवारा सांगितला आणि अहवाल कपाटात गेला. सरकारने तो कधी प्रसिद्ध केला नाही. २०१०मध्ये संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी संसदेत सांगितले, की त्यातला मजकूर आजच्या लष्करी कारवायांच्या दृष्टीनेही महत्त्वाचा असल्यामुळे तो खुला करता येत नाही. २०१४मध्ये नेव्हिल मॅक्सवेल या पत्रकाराने आपल्याकडच्या प्रतीतला बराच भाग इंटरनेटवर ठेवला, तेव्हा कुठे तो लोकांच्या नजरेस पडला.

घरातल्या जुन्या वाटणीचे कागद सापडत नसले, की काका एक सांगतात आणि आत्या दुसरेच सांगते. बासष्टबाबत आपले असेच झाले आहे. कागद बंद राहिले, म्हणून आठवणींना महत्त्व आले; आणि आठवणी लिहिणारे बहुतेक सगळे त्या वाटणीतले पक्षकार. त्यांतली तीन पुस्तके इथे शेजारी शेजारी ठेवून वाचायची आहेत. पहिले, लेफ्टनंट जनरल बी. एम. कौल यांचे ‘द अनटोल्ड स्टोरी’ (१९६७). दुसरे, ब्रिगेडियर जॉन दळवी यांचे ‘हिमालयन ब्लंडर’ (१९६९). तिसरे, लेफ्टनंट जनरल एस. पी. पी. थोरात यांचे ‘फ्रॉम रेव्हेली टू रिट्रीट’ (१९८६). कौल हे ईशान्य आघाडीवरचे कोअर कमांडर, दळवी त्यांच्या हाताखालच्या ब्रिगेडचे प्रमुख, तर थोरात हे १९६१च्या मे महिन्यापर्यंत त्याच पूर्व विभागाचे सर्वोच्च सेनाधिकारी.

ही पुस्तके आपण बहुधा न्यायालयातल्या साक्षींसारखी वाचतो. नेहरू चुकले की कृष्ण मेनन, कौल दोषी की थापर, असा निकाल मनाशी लावतो आणि पुस्तक मिटतो. मीही ती पहिल्यांदा तशीच वाचली. पुन्हा वाचताना मात्र जाणवले, की तिन्ही लेखकांना जे सिद्ध करायचे आहे त्यापेक्षा त्यांच्या हातून सहज नोंदले गेलेले अधिक मोलाचे आहे. तिघेही माणसांच्या स्वभावाबद्दल लिहीत असतात. आपल्याला दिसत जाते ती एक यंत्रणा. या यंत्रणेत हुकूम दिल्लीहून निघून डोंगरातल्या नदीकाठापर्यंत पोचत होता. नदीकाठावरचे ‘हे जमणार नाही’ मात्र दिल्लीपर्यंत पोचत नव्हते, आणि पोचले तर ते आणणाऱ्यालाच बाजूला केले जात होते.

आधी घटनाक्रम थोडक्यात. तवांगच्या पश्चिमेला, भूतानच्या सीमेलगत, नामका चू नावाची छोटी डोंगरी नदी आहे. तिच्या उत्तरेला थाग ला ही डोंगरधार. नकाशावर काढलेली मॅकमोहन रेषा आणि प्रत्यक्षातली ही धार यांचा इथे मेळ बसत नव्हता. १९६२च्या जूनमध्ये आसाम रायफल्सने नदीच्या दक्षिणेला धोला हे ठाणे उभारले. ८ सप्टेंबरला चिनी सैनिक थाग लावरून खाली उतरले आणि त्यांनी ठाण्याला धोका निर्माण केला. चिन्यांना धारेपलीकडे हुसकायचे, असे दिल्लीत ठरले. या मोहिमेला ‘ऑपरेशन लेगहॉर्न’ असे नाव मिळाले. कुक्कुटपालन करणाऱ्या कुणालाही लेगहॉर्न म्हणजे काय ते सांगावे लागत नाही. मोहिमेसाठी १० ऑक्टोबरची मुदत धरली गेली.

हुकुमाचा मार्ग असा होता : दिल्लीत लष्कर मुख्यालय, लखनौला ईस्टर्न कमांड, शिलाँगला ३३ कोअर, तेजपूरला ४ डिव्हिजन आणि तवांगला ७ ब्रिगेड. ब्रिगेडच्या खाली बटालियन आणि तिच्या खाली खंदकातला जवान. एवढ्या पायऱ्या कशासाठी असतात? हुकूम वाटून देण्यासाठी, हे उघडच आहे. पण त्यांचे दुसरेही एक काम असते. प्रत्येक पायरीवरच्या अधिकाऱ्याने आलेला हुकूम आपल्या साधनांशी ताडून पाहायचा आणि हिशेब जुळत नसेल तर तसे वर कळवायचे. घर बांधताना मालकाला तिसरा मजला हवा असतो. पाया तेवढा नाही, हे गवंड्याने सांगायचे असते. गवंड्याने ते सांगितलेच नाही तर मालकाला फार काळ दोष देता येत नाही. आणि सांगितल्यावर मालकाने गवंडीच बदलला, तर पुढे काय होते ते सगळ्यांना ठाऊक असते.

नामका चूच्या बाबतीत दोन्ही गोष्टी घडल्या. २२ सप्टेंबरला दिल्लीत बैठक झाली. पंतप्रधान आणि संरक्षणमंत्री दोघेही परदेशात होते. लष्करप्रमुख जनरल थापर यांनी शंका मांडली : थाग लावर हात टाकला तर चीन लडाखमध्ये उत्तर देईल. निर्णय बदलणार नाही असे त्यांना सांगण्यात आले, तेव्हा त्यांनी हुकूम लेखी मागितला. तो त्यांना मिळालाही, संरक्षण मंत्रालयातल्या एका सहसचिवाच्या सहीने. या प्रसंगाकडे बहुतेक लेखक मुलकी सत्तेच्या बेफिकिरीचा पुरावा म्हणून बोट दाखवतात. एका परीने ते खरेही आहे. देशाला युद्धाच्या तोंडाशी नेणाऱ्या कागदावर सहसचिवाची सही असावी, यातच सगळे आले. पण दुसरी बाजूही पाहायला हवी. लष्करप्रमुखांनी जे मागितले ती नोंद होती, नकार नव्हता. कारकुनालाही ठाऊक असते, की ‘लेखी द्या’ म्हणणारा माणूस काम करायला तयार झालेला असतो. फक्त उद्या दोष आपल्यावर येऊ नये एवढी तजवीज तो करून ठेवतो.

नकार दिला तो दोन पायऱ्या खाली. ३३ कोअरचे प्रमुख लेफ्टनंट जनरल उमरावसिंग यांनी रसद, रस्ते, हमाल, हवामान यांचा हिशेब मांडून ही मोहीम दिलेल्या वेळेत होणे शक्य नाही असे वर कळवले. ईस्टर्न कमांडचे प्रमुख लेफ्टनंट जनरल एल. पी. सेन यांच्याशी त्यांचे खटके उडाले. याचा शेवट सैन्याच्या रचनेच्या इतिहासात विलक्षण म्हणावा असा आहे. उमरावसिंगांना कोअरवरून काढले नाही. त्यांच्या कोअरमधून तो प्रदेशच काढून घेतला. नेफाच्या संरक्षणासाठी ४ कोअर नावाची नवी कोअर ऑक्टोबरच्या सुरुवातीला कागदावर जन्माला आली आणि दिल्लीतले चीफ ऑफ जनरल स्टाफ कौल तिचे प्रमुख झाले. शत्रूच्या हालचालींपेक्षा आपल्याच एका अधिकाऱ्याचे उत्तर नकोसे झाल्यामुळे सैन्याची रचना बदलली गेली. उमरावसिंग आपल्याला भेटतात ते दुसऱ्यांच्या पुस्तकांतून. ज्याने वेळेवर ‘नाही’ म्हटले त्याचा आवाज आपल्याला परस्पर ऐकावा लागतो, ही या साऱ्या वाङ्मयातली मोठी उणीव आहे.

कौलांचे पुस्तक आता कुणी सहानुभूतीने वाचत नाही. ते आत्मसमर्थनासाठी लिहिले आहे आणि तसे ते दिसतेही. त्यातले ‘मी’ मोजायला बसले तर दमायला होईल. तरी ते वाचायला हवे, कारण या माणसाचा खरा गुण त्यात पानोपानी आहे. कौल काम तडीस नेणारे होते. अंबाल्याला ४ डिव्हिजनचे प्रमुख असताना त्यांनी जवानांच्या हातून जवानांसाठीच घरे बांधून घेतली. ‘अमर’ नावाचा हा प्रकल्प त्यांनी सरकारी बांधकामाची नेहमीची रेंगाळ टाळून विक्रमी वेळात पुरा केला, आणि त्याचा अभिमान पुस्तकात लपवलेला नाही. नेहमीची वाट सोडायची, थेट वरच्याशी बोलायचे, अडथळा आणणाऱ्याला वळसा घालायचा, ही त्यांची रीत. शांततेच्या काळात या रीतीचे कौतुक होते. मंत्र्यांना असे अधिकारी आवडतात, कारण ते कधी ‘नाही’ म्हणत नाहीत.

याच गुणाने ऑक्टोबरात घात केला. चिन्यांना हुसकण्याच्या विचारात लष्कर मुख्यालयातून सहभागी असलेला अधिकारी आता तोच विचार अमलात आणायला स्वतः निघाला. म्हणजे हुकूम तपासून पाहण्याची जी पायरी होती, तिथे हुकूम देणाऱ्यांपैकीच एक जण येऊन बसला. कौल स्वतः डोंगर चढून नामका चूपर्यंत गेले, हे त्यांच्या टीकाकारांनीही मान्य करायला हवे. दिल्लीतल्या किती जणांनी ती वाट तुडवली असती? पण कोअर कमांडरने ब्रिगेडच्या खंदकात उभे राहून एकेका तुकडीला जागा दाखवायला सुरुवात केली, की मधली डिव्हिजन नावापुरती उरते आणि कोअर चालवायला कुणीच उरत नाही. आजारी पडून कौल १८ ऑक्टोबरला दिल्लीला परतले, तरी कोअरची सूत्रे त्यांच्याच हाती राहिली आणि ती दिल्लीतल्या घरातून, अंथरुणावरून हलवली गेली. पुस्तकात हा भाग कर्तव्यनिष्ठेचा दाखला म्हणून येतो. वाचकाला त्यात दिसते ते वेगळेच : माणसापासून अलग असे पदच या कोअरमध्ये तयार झालेले नव्हते.

दळवींचे ‘हिमालयन ब्लंडर’ या तिन्हींत सरस. चीनने २१ नोव्हेंबरला युद्धबंदी जाहीर केल्याची बातमी आपल्याला तिबेटमधल्या युद्धकैद्यांच्या छावणीत कळली आणि हे पुस्तक तिथेच जन्माला आले, असे ते सुरुवातीलाच सांगतात. पुस्तकभर संताप आहे. पण हा संताप वाचवत नाही असा होत नाही, कारण तो वस्तूंमध्ये गुंतलेला आहे. २ राजपूत आणि १/९ गुरखा या बटालियन नदीकाठी आल्या तेव्हा जवानांच्या अंगावर सुती गणवेश होते, जवळ एक एक घोंगडी आणि माणशी पन्नास गोळ्या. विमानातून टाकलेली रसद त्सांगधरच्या पठारावर पडायच्या ऐवजी दऱ्यांत घरंगळून जाई. नदीवरच्या ओंडक्यांच्या पुलांना एक ते पाच असे क्रमांक होते, आणि त्या क्रमांकांभोवती ब्रिगेड लांबच लांब विखुरली होती. डोक्यावरच्या धारेवर चिनी. दळवी हे सगळे मालाची यादी करावी तसे लिहितात. देशभक्ती, शौर्य, बलिदान हे शब्द ज्या युद्धवर्णनांत पुन्हा पुन्हा येतात त्यांच्यापेक्षा ही यादी कितीतरी जास्त अस्वस्थ करते. सेनापतीच्या गद्यात मोजमाप असले पाहिजे, हे दळवी वाचून पटते.

त्यांच्या पुस्तकातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा प्रसंग १० ऑक्टोबरचा आहे. कौलांच्या योजनेनुसार नदीपलीकडे, त्सेंग जोंग इथे, ९ पंजाबची एक छोटी तुकडी जाऊन बसली होती. सकाळी चिन्यांनी तिच्यावर मोठा हल्ला केला. तुकडीच्या मेजरने अलीकडून मशीनगन आणि उखळी तोफांच्या माऱ्याची मदत मागितली. दळवींनी ती नाकारली. मारा केला असता तर सबंध नदीकाठी लढाई पेटली असती आणि ती लढण्याइतका दारूगोळा ब्रिगेडपाशी नव्हता. हा निर्णय त्यांना जन्मभर डाचत राहिला असणार. लिहिण्यातून ते लपत नाही. लष्करी हिशेबाने तो बरोबरही असेल. पण यंत्रणेच्या अंगाने पाहिले तर काय घडले? साधने अपुरी आहेत या कारणासाठी ‘नाही’ म्हणता येते, हे त्या सकाळी सिद्ध झाले. फक्त ते खालच्या माणसाला म्हणता आले. पलीकडे लढणाऱ्या मेजरला जे कारण सांगता आले, तेच कारण वरच्या जनरलपुढे आठवडाभर टिकले नव्हते.

हल्ला पाहिल्यावर कौलांना परिस्थिती उमगली आणि ते दिल्लीला धावले. ११ ऑक्टोबरला पंतप्रधानांच्या निवासस्थानी बैठक झाली. हुसकण्याची मोहीम लांबली, पण ब्रिगेड नदीकाठी तशीच ठेवली गेली. हा निर्णय नेमका कुणाचा, याचे उत्तर पुस्तकागणिक बदलते. प्रत्येकाच्या आठवणीत दुसऱ्याने मान डोलावलेली असते. दुसऱ्या दिवशी सिलोनला निघालेल्या नेहरूंनी विमानतळावर पत्रकारांना सांगितले, की आपला प्रदेश मोकळा करण्याच्या सूचना सैन्याला दिल्या आहेत. जाहीर बोलून झाल्यावर माघारीचा विचार करणे आणखी अवघड झाले. १९ ऑक्टोबरच्या संध्याकाळी चिन्यांची जमवाजमव डोळ्यांना दिसत असताना दळवींनी डिव्हिजनचे प्रमुख मेजर जनरल निरंजन प्रसाद यांना फोनवर सांगितले, की माणसे अशी मारली जाताना पाहण्यापेक्षा मी राजीनामा देतो. कुणीतरी ठाम उभे राहायला हवे. २० ऑक्टोबरच्या पहाटे हल्ला झाला आणि काही तासांत ७ ब्रिगेड संपली. २२ तारखेला दळवी चिन्यांच्या हाती पडले.

इथे पुस्तकाच्या नावाकडे पाहावेसे वाटते. ‘हिमालयाएवढी चूक’ हे शब्द आपल्याकडे रुजवले गांधींनी. १९१९च्या रौलट सत्याग्रहात अहमदाबाद आणि इतर गावांत हिंसा उसळली, तेव्हा त्यांनी जाहीरपणे सांगितले, की लोकांची तयारी झालेली नसताना मी त्यांना कायदेभंगात उतरवले, ही माझी हिमालयाएवढी चूक. चुकीचे स्वरूप किती सारखे आहे पाहा! तयारी नसलेल्या माणसांना तयार समजून पुढे ढकलणे. दळवींनी हे नाव निवडले तेव्हा हिमालयावरची कोटी त्यांच्या मनात असेलच. पण मूळ वाक्यातली ‘माझी’ मात्र त्यांच्या नावातून गळाली. हिमालयाएवढी चूक झाली, पण ती दुसऱ्यांची. राजीनाम्याचे शब्द १९ तारखेला का निघाले, २० सप्टेंबरला किंवा ८ ऑक्टोबरला का नाही, हा प्रश्न पुस्तक उभा करते आणि शिस्त, निष्ठा, जवानांना सोडून न जाण्याची भावना यांच्या आडोशाला जाते. ही कारणे खोटी नाहीत. हाताखालच्या बटालियनला नदीकाठी सोडून वर निघून जाणे कोणत्याही चांगल्या अधिकाऱ्याला लाजिरवाणेच वाटेल. पण मग चांगला अधिकारी आणि अशक्य हुकूम समोरासमोर आले की काय व्हावे, याचे उत्तर वैयक्तिक सचोटीत सापडणार नाही, हे दळवींसारख्या प्रामाणिक माणसाच्या पुस्तकातूनच कळते.

थोरातांचे पुस्तक वेगळ्या सुरात आहे. कोल्हापूर भागातल्या वडगावचे हे शिपाईगडी निवृत्तीनंतर बऱ्याच वर्षांनी लिहितात. स्वर शांत, थोडा मिश्किल. त्यांचा ‘नाही’ तिघांत सर्वांत आधीचा आणि सर्वांत नीटनेटका होता. १९५९मध्ये ईस्टर्न कमांडचे प्रमुख असताना त्यांनी नेफाच्या संरक्षणाची योजना लिहून वर पाठवली. तिचे सार असे, की सीमेलगत पहाऱ्यापुरतीच ठाणी ठेवावीत. खरी लढाई बरीच मागे, जिथे आपली रसद पोचते आणि शत्रूची ताणली जाते, अशा ठिकाणी द्यावी. १९६०च्या मार्चमध्ये लखनौला ‘लाल किल्ला’ नावाचा युद्धसराव घेऊन त्यांनी ती समजावूनही दिली. थोरात सांगतात, की लष्करप्रमुख थिमय्यांनी योजना संरक्षणमंत्र्यांपर्यंत नेली आणि ती तिथेच थांबली. युद्धानंतर नेहरूंनी त्यांना बोलावून, हा कागद मला आधी का दाखवला नाही, असे विचारले. मागाहून शहाणपण सांगणारी आठवण म्हणून हे सोडून देता येत नाही, कारण योजनेवर तारीख आहे.

पण थोरातांच्या कथनातही एक धागा सुटलेला राहतो. थिमय्यांनी आपल्यानंतर त्यांचे नाव सुचवले होते. प्रमुखपद थापर यांना मिळाले आणि थोरात मे १९६१मध्ये निवृत्त झाले. त्यांच्याबरोबर त्यांची योजनाही जणू निवृत्त झाली. ईस्टर्न कमांडच्या प्रमुखाने विचारपूर्वक काढलेला निष्कर्ष ही त्या पदाची मालमत्ता असायला हवी. तो एका माणसाची मत्ता का राहिली? पुढच्या माणसाला त्याला उत्तर देणे का भाग पडले नाही? थोरात हा प्रश्न विचारत नाहीत. सज्जन माणसाच्या संकोचाने ते आपल्यावरचा अन्याय सांगतात आणि थांबतात.

त्यांच्या जागी आलेल्या सेनांकडे पाहिले की ‘चांगली माणसे गेली, वाईट आली’ हे लाडके स्पष्टीकरण कोसळते. १९४५मध्ये ब्रह्मदेशात, आराकानच्या आघाडीवर, ५१ ब्रिगेडच्या तिन्ही बटालियनचे प्रमुख भारतीय होते : थिमय्या, थोरात आणि सेन. तिघांनाही शौर्यासाठी डीएसओ मिळाला. १९४७च्या नोव्हेंबरात श्रीनगरच्या वेशीवर, शालटेंगला, टोळीवाल्यांना मोडून काढणाऱ्या १६१ ब्रिगेडचे प्रमुख हेच सेन. दळवींचे पुस्तक आले त्याच १९६९ साली सेनांनीही पुस्तक लिहिले, ‘स्लेंडर वॉज द थ्रेड’. त्याचा विषय काश्मीरची ती लढाई आहे. ज्या माणसाने श्रीनगर वाचवले, तोच माणूस पंधरा वर्षांनी लखनौहून अशक्य हुकूम पुढे ढकलत होता. त्याचे धैर्य कुठे गेले नव्हते. गोळीसमोर उभे राहण्याचे धैर्य आणि बैठकीत एकट्याने विरोध करण्याचे धैर्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्यासाठी सैन्यात प्रशिक्षण आहे, पदक आहे. दुसऱ्यासाठी काय आहे? थिमय्यांनी ऑगस्ट १९५९च्या अखेरीस राजीनामा दिला, नेहरूंच्या शब्दाखातर मागे घेतला, बातमी फुटली आणि संसदेत त्यांनाच बोल लागला. हे पाहिलेल्या अधिकाऱ्यांनी काय धडा घेतला असेल, ते ऑक्टोबर १९६२मध्ये दिसले.

बासष्टचा लोकप्रिय धडा मात्र निराळाच आहे : राजकारण्यांनी सैन्यात लुडबुड करू नये. अर्धे खरे असलेले हे वाक्य तिन्ही पुस्तकांनी रूढ करायला हातभार लावला. मुलकी सत्तेने उद्दिष्ट ठरवायचे असते, किंमत विचारायची असते आणि उत्तर ऐकायचे असते. दिल्लीत १९६२ला उलटे झाले. कुठल्या ठाण्यावर किती जवान हे ठरवले गेले, किंमत विचारली गेली नाही. पण हे करताना शेजारी गणवेशातली माणसे बसलेली होती. नव्या कोअरची कल्पना, तिचा प्रमुख, तिची मुदत या सगळ्यावर लष्करप्रमुखांची संमती होती. केवळ मंत्र्याला हटवून हे बदलत नाही.

मराठी माणसाच्या आठवणीत बासष्ट म्हटले की हिमालयाच्या हाकेला सह्याद्री धावला, हे चित्र येते. चव्हाणांच्या बाबतीत आपण पुन्हा माणसाचीच गोष्ट केली. त्यांनी दिल्लीत जाऊन केलेले काम बरेच रटाळ होते, आणि म्हणूनच महत्त्वाचे. तिन्ही दलांचे प्रमुख आणि सचिव यांच्याशी रोज सकाळी एकत्र बसायचे, अशी पद्धत त्या काळात बसली. अशा बैठकीत एखाद्या प्रमुखाला ‘हे जमणार नाही’ म्हणण्यासाठी राजीनामा खिशात घेऊन यावे लागत नाही. १ सप्टेंबर १९६५ रोजी छांबमध्ये पाकिस्तानी रणगाडे पुढे सरकत असताना जनरल चौधरी आणि एअर मार्शल अर्जन सिंग चव्हाणांकडे गेले, हवाई दल वापरण्याची परवानगी त्यांनी तिथल्या तिथे दिली आणि संध्याकाळच्या आत विमाने निघाली. १९६५मध्ये चुका झाल्या नाहीत असे नव्हे. पण मंत्र्याने काय ठरवायचे आणि काय सेनाधिकाऱ्यांवर सोडायचे, याची रेषा तीन वर्षांत पुष्कळ स्पष्ट झाली होती.

चव्हाणांनी सुरू केलेल्या चौकशीत मात्र ही रेषा तपासली गेली नाही. चौकशीचे प्रश्न पाच होते : प्रशिक्षण, शस्त्रसामग्री, हुकमतीची पद्धत, जवानांची शारीरिक क्षमता आणि सेनाधिकाऱ्यांची माणसांना प्रभावित करण्याची ताकद. पाचही सैन्याला विचारलेले. मंत्रालय आणि लष्कर मुख्यालय यांच्यात हुकूम कसा तयार होतो, हा सहावा प्रश्न यादीत नव्हता. खचलेले सैन्य आणि थकलेले पंतप्रधान या दोघांना सांभाळायचे असताना चव्हाणांनी ती यादी आखडती ठेवली असेल, तर त्यांना समजून घेता येते. पण त्यामुळे सहाव्या प्रश्नाचे उत्तर देण्याचे काम सेनाधिकाऱ्यांच्या आत्मचरित्रांवर येऊन पडले, आणि आत्मचरित्रांना स्वतःचीच बाजू मांडायची असते.

पुढे बरेच बदलले. पर्वतीय डिव्हिजन उभ्या राहिल्या. कारगिलनंतर मंत्रिगटाने २००१मध्ये तिन्ही दलांसाठी एक प्रमुख नेमण्याची शिफारस केली आणि १ जानेवारी २०२० रोजी जनरल बिपिन रावत पहिले चीफ ऑफ डिफेन्स स्टाफ झाले. तिन्ही दलांच्या संयुक्त थिएटर कमांडची चर्चा त्यानंतर जोरात सुरू झाली. दुसरीकडे, माजी लष्करप्रमुख जनरल मनोज नरवणे यांचे आत्मचरित्र २०२४च्या सुरुवातीला येणार म्हणून जाहीर झाले आणि मंजुरीच्या प्रक्रियेत अडकून त्या वेळी आले नाही. अहवाल बंद आणि आठवणीही अडलेल्या, अशा स्थितीत सैन्याच्या रचनेवरची चर्चा खुर्च्यांच्या आणि ताऱ्यांच्या हिशेबावर येऊन थांबते.

थिएटर कमांड असावी की नसावी, हे ठरवण्याचा माझा वकूब नाही. पण ही तीन पुस्तके वाचलेल्या नागरिकाला एक प्रश्न विचारता येतो. नव्या रचनेत एखाद्या दूरच्या नदीकाठच्या ब्रिगेडियरला आपल्या माणशी पन्नास गोळ्यांचा हिशेब कुणाला सांगता येईल, तो सांगितल्यावर किती पायऱ्या चढेल, आणि मधल्या कुणाला तो आवडला नाही तर त्या अधिकाऱ्याचा प्रदेश नकाशावरून कापून दुसऱ्याला देता येईल का? दळवींनी १९ ऑक्टोबरच्या संध्याकाळी फोन उचलला तेव्हा त्यांच्या हाती एक रात्र उरली होती. तो फोन महिनाभर आधी करता आला असता आणि पलीकडून कुणी तो ऐकून घेतला असता, तर हे पुस्तक लिहावे लागले नसते.